समुद्राकडून आलेला रस्ता

ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह जवळ आला आणि शाळांना सुटी लागली, की मेक्सिकोच्या राजधानीतील सहस्रावधी कुटुंबे मुलाबाळांना मोटारीत घालून दक्षिणेला, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याकडे निघतात. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर वसलेल्या या महानगरापासून आकापुल्कोच्या उपसागरापर्यंतचे अंतर चारशे किलोमीटरांच्या आत आहे. वाटेत गर्दी नसेल तर चार-पाच तासांत गाडी पठारावरून उतरून नारळीच्या बनात शिरते, मुलांच्या कानांना दडे बसतात आणि सुटतात, अंगावरचे लोकरी कपडे एकेक करून उतरतात, आणि समुद्र कधी दिसणार या प्रश्नाला आईबाप प्रत्येक वळणावर नवे उत्तर देत राहतात. तीन-चार पिढ्यांत ही रूढी इतकी अंगवळणी पडली आहे की, लेकरांना समुद्र दाखवण्यासाठीच हा रस्ता कोणी बांधला असावा, अशी समजूत सहज व्हावी. वास्तविक तो खालून वर आला आहे. त्याचा आरंभ समुद्रावर झाला, त्याने जे मौल्यवान म्हणून वाहिले ते समुद्राकडून राजधानीकडे नेले, आणि पहिल्या शतकात त्यावरून जी मुले गेली त्यांतली कित्येक आईबापांवाचून, विकत घेतलेल्या मालाबरोबर डोंगर चढली. या मार्गाचा पूर्ववृत्तांत मला फार मोलाचा वाटतो. आणि त्याचा एक धागा आपल्या वसईपर्यंत येऊन पोचतो, म्हणून तो सविस्तर मांडावा अशी इच्छा आहे.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस निघालेल्या स्पॅनिश जहाजांना व्यापारी वारे फिलिपाईन्सपर्यंत सुखरूप नेऊन पोचवीत. परंतु त्याच वाऱ्यांच्या तोंडावर उलट येणे कित्येक वर्षे कोणालाही साधले नव्हते. आन्द्रेस दे उर्दानेता नावाचा ऑगस्टिनियन संन्यासी, जो तारुण्यात खलाशी होता आणि ज्याने मोलुक्का बेटांतली बरीच वर्षे अनुभवली होती, त्याने जपानच्या बाजूने उत्तरेस चढून पश्चिमेकडून वाहणारे वारे धरले, कॅलिफोर्नियाचा किनारा दृष्टीस पडल्यावर दक्षिणेस वळण घेतले, आणि ८ ऑक्टोबर १५६५ रोजी ‘सान पेद्रो’ हे गलबत आकापुल्कोच्या उपसागरात आणून उभे केले. तेव्हापासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, वर्षाकाठी एक-दोन थोरली गलबते मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान ये-जा करीत राहिली. जाण्यास तीन महिने पुरत. येण्यास पाच, सहा, कधी सात महिने लागत, आणि त्या अवधीत निम्मीअधिक माणसे रोगाने गमावलेली गलबतेही बंदराला लागत. लोक या गलबताला चीनचे जहाज म्हणत, आणि त्यातला माल ज्या वाटेने राजधानीकडे जाई तिला चीनचा रस्ता.

राजधानीच्या मुख्य चौकात, आजच्या कॅथेड्रलसमोर, पारियान नावाची मोठी बंदिस्त बाजारपेठ होती. मनिलाच्या पेठेवरूनच तिला हे नाव पडले होते. चिनी रेशीम, पोर्सेलिनची भांडी, दालचिनी, हिंदुस्थानातील सुती कापड, गोवा आणि मनिला येथील कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेल्या येशूच्या व मेरीच्या मूर्ती, हा सारा जिन्नस तिथे विकला जाई; आणि त्याच्या मोबदल्यात मेक्सिकोच्या खाणींतली रुपेरी नाणी त्याच रस्त्याने खाली जाऊन महासागरापलीकडे रवाना होत. स्पेनमधील सौदागरांना या व्यापाराची धास्ती वाटे. म्हणून १५९३ साली राजाचे फर्मान निघाले की, वर्षाला दोनच गलबते सुटावीत, प्रत्येकाची भरती तीनशे टनांपलीकडे असू नये, येणारा माल अडीच लक्ष पेसोंचा आणि परत जाणारी चांदी पाच लक्ष पेसोंची, यापुढे व्यवहार करू नये. हे फर्मान दफ्तरात राहिले आणि गलबते फुगत गेली. पारियानची लूट १८२८ च्या दंगलीत झाली व १८४३ साली ती इमारतच जमीनदोस्त करण्यात आली. त्यामुळे ज्या चौकातून समुद्राकडे जाणारी कुटुंबे आजही बाहेर पडतात, तिथे या व्यापाराची निशाणी उरलेली नाही.

पहिली निशाणी सापडते ती तासा-दीडतासाच्या अंतरावर, क्वेर्नावाका येथे. बहुतेक मोटारी हे गाव डावीकडे-उजवीकडे टाकून पुढे निघून जातात, याची मला हळहळ वाटते. तेथील फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये, म्हणजे आजच्या कॅथेड्रलमध्ये, विसाव्या शतकाच्या मध्यास जीर्णोद्धार चालू असताना चुन्याच्या थरांखालून भित्तिचित्रे उघडकीस आली. दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींवर होड्या आहेत, लाटा आहेत, गाड्यांतून नेले जाणारे बद्ध लोक आहेत, भालाईत आहेत आणि शेवटी क्रुसांची रांग आहे. हे चित्र नागासाकीचे होय. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने तिथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत फेलिपे दे हेसूस हा मेक्सिको शहरात जन्मलेला तरुण होता. दीक्षाविधीसाठी तो मनिलाहून आकापुल्कोकडे येत असताना त्याचे ‘सान फेलिपे’ हे गलबत वादळाने जपानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले, माल जप्त झाला, आणि त्या प्रकरणाची परिणती या हत्याकांडात झाली. त्याच रांगेत गोन्सालो गार्सिया होता. तो वसईचा. बाप पोर्तुगीज, आई आपल्या कोकणातली. बालपण वसईच्या किल्ल्यात पाद्र्यांच्या हाताखाली गेले, पुढे जपानात व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात शिरला आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे धर्मप्रसारकांचा दुभाष्या झाला. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे, आणि दरवर्षी त्याचा सण होतो. त्या सव्विसांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी हा सर्वांत लहान. आणखी दोघे मुलगे तेरा-चौदा वर्षांचे होते. वसईचा एक माणूस मेक्सिकोच्या रस्त्यावरच्या एका भिंतीवर निदान साडेतीनशे वर्षे उभा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशा कोणाच्या कानी गेलेली नाही.

वसई पाहून मग याच रस्त्यावरून प्रत्यक्ष गेलेला एक मनुष्यही आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याने स्वहस्ते वृत्तांत लिहून ठेवल्यामुळे या मार्गाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेली कारेरी हा इटलीतला वकील. स्वतःच्या खर्चाने, मिळेल त्या जहाजाने आणि जनावराने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा संकल्प सोडून तो निघाला, आणि १६९५ च्या आरंभी दमण, वसई, साष्टी या भागांत आला. कान्हेरीची लेणी त्याने स्वतः जाऊन पाहिली आणि त्यांचे विस्तृत वर्णन लिहिले. त्याच वर्षी, राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात असताना, गोव्याहून वर जाऊन गलगल्याच्या छावणीत त्याने वृद्ध औरंगजेबाची भेट घेतली. पुढे चीन आणि मनिला करून दोनशेहून अधिक दिवसांच्या जलप्रवासानंतर, १६९७ च्या जानेवारीत, तो आकापुल्कोला उतरला. त्या प्रवासातल्या किडलेल्या बिस्किटांचे, किड्यांनी बुजबुजलेल्या अन्नाचे आणि हिरड्या सुजून मेलेल्या सोबत्यांचे वर्णन त्याने कोठेही आवाज न चढवता केले आहे. ज्याने मोगल बादशहाचा फिरता संसार पाहिला होता आणि चीनची शहरे पाहिली होती, त्याने आकापुल्कोला लाकूड, माती आणि गवत यांची घरे असलेले कोळ्यांचे गरीब गाव म्हणावे, हे स्वाभाविक होते.

फेब्रुवारीत तो खेचरावर बसून राजधानीकडे निघाला आणि दोन आठवड्यांच्या आसपास पोचला. आजची कुटुंबे ज्या दिशेने उतरतात तिच्या उलट दिशेने त्याचे पान वाचावे लागते. वाटेत पापागायो आणि बाल्सास या दोन नद्या. बाल्सासला वरच्या अंगाला मेस्काला म्हणतात. सिएर्रा माद्रेच्या डोंगरांतून खाली येणारे तिचे पाणी उन्हाळ्यातही वेगाने धावते आणि खेचरांना उतार सहसा मिळत नाही. तिथे पलीकडे जाण्याचे साधन म्हणजे भोपळ्यांची सांगड: वाळवून पोकळ केलेले मोठाले भोपळे ओळीने मांडायचे, त्यांवर बोरूच्या काड्यांचा ताटवा घट्ट बांधायचा, मध्यभागी खोगिरे, पेट्या आणि प्रवासी ठेवायचे, आणि पट्टीच्या पोहणाऱ्या स्थानिक माणसांनी एका हाताने पाणी कापीत व दुसऱ्या हाताने सांगड ओढीत ती तिरपी पलीकडे काढायची. खेचरे मोकळी करून पाण्यात हाकलीत. ती प्रवाहाबरोबर वाहत बरीच खाली जाऊन काठाला लागत आणि त्यांना गोळा करण्यात दिवसाचा मोठा भाग जाई. सांगडीत बसलेल्याचे पाय भिजत. भीमा-कृष्णेच्या काठी ज्यांच्या आजोबांनी असाच उतार केला त्या मराठी वाचकाला हे चित्र नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८०३ साली जर्मन शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आला तेव्हाही ही सांगड होती. दोन शतकांत सरकारने या रस्त्यावर जकात घेतली, पण नदीवर पूल बांधला नाही. आज तिथे तारांवर तोललेला, पाऊण किलोमीटरहून लांब असा मेस्कालाचा पूल आहे. १९९३ साली नव्या हमरस्त्याबरोबर तो खुला झाला, आणि खिडकीशी बसलेल्या मुलाने खाली नदी पाहीपर्यंत गाडी दुसऱ्या टोकाला पोचलेली असते.

नदी ओलांडली की रस्ता गिधाडांच्या खिंडीतून चिल्पानसिंगोकडे चढतो. या भागात शेतीपेक्षा खेचरे हाकण्याचा धंदा मोठा होता. गलबत आल्याची वर्दी पोचली की शेकडो खेचरांचे तांडे खाली उतरत. प्रत्येक तांड्याला एक नायक, त्याच्या हाताखाली गडी, आणि पुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी, जिच्या नादामागे बाकीची जनावरे चालत. तिश्तला या गावी अशाच एका कुटुंबात १७८२ साली व्हिसेंते गेरेरो जन्मला. त्याच्या रक्तात आफ्रिकेचाही अंश होता. डोंगरातली प्रत्येक वाट, प्रत्येक पाणवठा आणि प्रत्येक गावचा मुखी तांड्याबरोबर फिरून त्याच्या ओळखीचा झाला होता, आणि स्वातंत्र्ययुद्धात याच ज्ञानाच्या बळावर तो स्पेनच्या फौजांना वर्षानुवर्षे हाती लागला नाही. ज्या होसे मारिया मोरेलोसच्या निशाणाखाली तो लढला, त्या पाद्र्यानेही पूर्ववयात खेचरे हाकली होती. राजमार्गाच्या कारभाऱ्यांना जो रस्ता केवळ महसुलाच्या अंगाने ठाऊक होता, तो या दोघांना पावलांनी ठाऊक होता. मेक्सिकोचे स्वातंत्र्य पुष्कळ अंशी चीनच्या रस्त्यावर घडले असे मी म्हणतो, ते याच आधारावर. गेरेरो १८२९ साली राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला त्याने गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूम काढला. पुढे जानेवारी १८३१ मध्ये आकापुल्कोच्या बंदरात पिकालूगा नावाच्या एका इटालियन कप्तानाने त्याला मेजवानीसाठी जहाजावर बोलावले, पन्नास हजार पेसोंच्या मोबदल्यात कैद केले आणि किनाऱ्या-किनाऱ्याने नेऊन वातुल्कोला शत्रूच्या हवाली केले. महिन्याभरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. हे सारे राज्य आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

आकापुल्कोचा उपसागर डोंगरांनी वेढलेला, खोल आणि निवाऱ्याचा. गलबताला याहून चांगला आसरा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. माणसाला मात्र ती जागा सोसत नसे. डोंगरांनी वारा अडे, उष्मा कोंडे, मागच्या दलदलीतून तापाची साथ पसरे. इतकी की हवा खेळावी म्हणून डोंगराला खिंड पाडण्याचा उद्योग तिथल्या अधिकाऱ्यांनी केला, आणि हुम्बोल्टने त्या कामाची मुद्दाम दखल घेतली. वर्षातले बरेच महिने किल्लेदार, खजिन्याचे कारकून आणि स्पॅनिश व्यापारी वरच्या थंड प्रदेशात राहत. मागे उरत ते काळे आणि मिश्र वंशाचे लोक, जे मासे मारीत, होड्या दुरुस्त करीत आणि तोफखान्यात पहारा देत. मग नाताळाच्या सुमारास गलबताचे शीड दिसे. घोडेस्वार राजधानीकडे दौडे, चर्चमध्ये आभाराची प्रार्थना होई, नाकेदार मालाची मोजदाद करीत, आणि पंधरा-वीस दिवसांत गावाची वस्ती दुपटीवर जाई. हुम्बोल्टने या जत्रेला जगातील सर्वांत ख्यातनाम जत्रा म्हटले. झोपड्यांच्या दारी रेशमाचे गठ्ठे रचलेले असत. मार्चअखेर किंवा एप्रिलात गलबत चांदी घेऊन मनिलाकडे फिरले, की गाव पुन्हा पहिल्यासारखा.

या जत्रेत माणसेही विकली जात. मनिलाच्या गलबतावर मुले अनेक प्रकारांनी येत. काही हुजरे म्हणून, ज्यांचे काम दर अर्ध्या तासाला वाळूचे घड्याळ उलटून ठरलेली प्रार्थना म्हणण्याचे. काही अधिकाऱ्यांच्या खाजगी चाकरीतले. आणि काही निव्वळ गुलाम. फिलिपाईन्स, बंगाल, मलबार, मलाक्का, जावा अशा नाना मुलखांतून पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी मनिलाला नेलेल्या या लोकांना मेक्सिकोत सरसकट चिनी म्हणत, मग ते कुठलेही असोत. त्यांतली एक मुलगी इतिहासाला नावानिशी माहीत आहे. मोगलांच्या राज्यात जन्मलेली, मिर्रा या नावाची ही पोर समुद्रकाठी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती सापडली. कोचीला तिचा बाप्तिस्मा होऊन कातारिना हे नाव पडले, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली, आणि १६२० च्या आसपास, बालवय जेमतेम ओलांडलेले असताना, आकापुल्कोला उतरून डोंगर चढून पुएब्ला शहरातील एका कप्तानाच्या घरी पोचली. घरात मूल नव्हते म्हणून त्यांना एक मुलगी हवी होती, असे तिचे चरित्रकार सांगतात. धनी वारल्यावर ती मुक्त झाली, चरितार्थासाठी कष्ट करीत राहिली, तिला दृष्टांत होतात अशी ख्याती पसरली, आणि ५ जानेवारी १६८८ रोजी ती मरण पावली तेव्हा शहरातील मानकऱ्यांनी तिची शवपेटी खांद्यावर वाहिली. तिच्या जेझुइट गुरूने, आलोन्सो रामोस याने, तिचे तीन खंडांचे चरित्र छापले. धर्मन्यायालयाने ते जप्त केले. मेक्सिकोत प्रसिद्ध असलेला, चमकत्या टिकल्यांच्या घागऱ्याचा ‘चिना पोब्लाना’ हा पोशाख तिच्या नावाशी मागाहून जोडला गेला आहे; तिच्या काळाशी त्याचा संबंध दाखवता येत नाही, आणि ती स्वतः जाड्याभरड्या काळ्या वस्त्रांत वावरे. १६७२ साली राजाच्या हुकमाने मेक्सिकोतील आशियाई गुलाम मुक्त झाले. तोवर अशा किती मिर्रा या वाटेने गेल्या याची गणती कोणत्याही दफ्तरात नाही, हे मला या सबंध इतिहासातले सर्वांत दुःखद पान वाटते.

उपसागराच्या डोक्यावर सान दिएगोचा पंचकोनी किल्ला उभा आहे. १६१५ साली डच आरमार उपसागरात शिरले आणि तहनामा करून, रसद घेऊन निघून गेले, तेव्हा दरबाराला जाग आली आणि आद्रियान बोट नावाच्या डच अभियंत्याकडूनच किल्ला बांधून घेण्यात आला. १७७६ च्या भूकंपात तो ढासळल्यावर आजचा किल्ला १७८३ मध्ये पुरा झाला. १८१३ साली मोरेलोसने महिनोन्महिने वेढा घालून तो घेतला. दोन वर्षांनी शेवटचे गलबत मनिलाकडे गेले. किल्ल्यात आता संग्रहालय आहे, आणि समुद्रस्नानाला आलेल्या मुलांना एक दुपार तिथे न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन: पोर्सेलिनच्या त्या निळ्या ताटल्या खेचराच्या पाठीवरून कोणत्या घाटांनी वर गेल्या, हे ज्या मुलाने नुकताच तो घाट उतरला आहे त्याला लवकर कळते.

गलबत बंद झाले आणि आकापुल्को शंभर वर्षे विस्मृतीत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजधानीहून निघालेली रेल्वे बाल्सास नदीच्या काठापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आकापुल्कोला आगगाडी कधीच पोचली नाही. म्हणून हा मुलूख खेचरांवरून एकदम मोटारींवर आला. क्रांतीनंतरच्या सरकारने १९२५ साली पेट्रोलवर कर बसवून राष्ट्रीय रस्ते मंडळ स्थापन केले, आणि ११ नोव्हेंबर १९२७ रोजी आकापुल्कोचा मोटाररस्ता खुला झाला. तोही सुरुवातीला कच्चा आणि धुळीचा. परंतु इतिहासात प्रथमच या वाटेवरची मुख्य रहदारी वरून खाली जाऊ लागली, आणि तिच्यात आईबापांच्या मांडीवर बसलेली मुले होती. राष्ट्राध्यक्ष मिगेल आलेमान याच्या कारकिर्दीत, १९४६ ते १९५२ या वर्षांत, किनाऱ्यालगतचा रुंद रस्ता आणि हॉटेलांची रांग उभी राहिली. कुटुंबांचा दिनक्रमही ठरून गेला: सकाळी कालेताच्या संथ पाण्यात पोरांना डुंबवायचे, दुपारनंतर ओर्नोसच्या वाळूवर बसायचे, संध्याकाळी पिए दे ला क्वेस्ताला जाऊन सूर्यास्त पाहायचा, आणि एखाद्या रात्री ला केब्रादाच्या सुमारे पस्तीस मीटर उंच कड्यावरून मशाली घेऊन उड्या घेणारे तरुण मुलांना दाखवायचे. १९६० पासून या रस्त्यांवर हिरव्या रंगाच्या सरकारी मदतगाड्या फिरतात. बिघडलेली मोटार दुरुस्त करून देणाऱ्या त्या माणसांना लोक हिरवे देवदूत म्हणतात, आणि रस्त्याकडेला मुलांसह अडकलेल्या कुटुंबाला ते तसेच वाटत असणार. २५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री ओटिस हे चक्रीवादळ एका दिवसात प्रचंड रूप धारण करून आकापुल्कोवर आदळले आणि हॉटेलांच्या भिंतींचे नुसते सांगाडे उरले. त्यानंतरही पुढच्या सुट्यांत कुटुंबे उतरलीच.

आकापुल्कोहून वायव्येला वळणारा किनाऱ्याचा रस्ता कोस्ता ग्रांदेतून जातो, आणि इथे गलबताचा इतिहास किल्ल्यात न राहता झाडांवर चढलेला दिसतो. १६१९ च्या एका अर्जात एका स्पॅनिश कप्तानाने तक्रार केली आहे की, आदल्या वर्षी ‘एस्पिरितु सांतो’ या गलबतावर आलेल्या पंचाहत्तर फिलिपिनो खलाशांपैकी जेमतेम पाच परत गेले. बाकीचे किनाऱ्याला राहिले होते. त्यांना माड चढता येत होता आणि माडी काढता येत होती. कोलीमाच्या बाजूला नारळीची नवी बने उभी राहिली होती, आणि त्यांच्या हातची माडी व तिच्यापासून गाळलेली दारू खाणींच्या गावांपर्यंत इतकी खपू लागली की स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याचा खप घटला. तेव्हा माड तोडा, या लोकांना परत पाठवा, अशा मागण्या झाल्या, मनाईहुकूम सुटले. माड राहिले, माणसेही राहिली, आणि कोयुकाच्या आसपासच्या गावांत त्यांचे वंशज मिसळून गेले. अलीकडे त्या भागातील लोकांच्या जनुकांच्या तपासणीतही आग्नेय आशियाचा वारसा सापडला आहे. कोलीमा शहरात आज जो विक्रेता खांद्याला मोठा भोपळा अडकवून फिरतो, त्याच्याजवळ सकाळी उतरवलेली गोड ताजी तूबा, म्हणजे माडाची नीरा, असते. मक्याच्या कणसाचा बुंधा बूच म्हणून बसवलेला तो भोपळा वाकवून तो पेला भरतो, वर भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड टाकतो आणि मुलांच्या हाती देतो. माडाच्या खोडाला पायऱ्यांसाठी खाचा पाडणे, न उमललेली पोय बांधून तिचे टोक कोयत्याने रोज कापीत जाणे, आंबण्यापूर्वी रस उतरवणे, ही सारी रीत आमच्या कोकणातल्या भंडाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येईल, आणि नीरेची चवही.

आकापुल्कोच्या आग्नेयेला कोस्ता चिका आहे. गुरांच्या मोठ्या वतनांवर राबण्यासाठी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे आणि पळून येऊन इथल्या झाडीत स्वतंत्र वस्त्या केलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. क्वाहिनिक्विलापा हे त्यांचे मोठे गाव, आणि पितरांच्या दिवसांत घोड्याच्या केसांची दाढी लावलेल्या मुखवट्यांनी ते सैतानांचा नाच नाचतात. २०१९ साली मेक्सिकोच्या राज्यघटनेत या समाजाचा प्रथम उल्लेख झाला आणि पुढच्या वर्षीच्या जनगणनेत सुमारे पंचवीस लाख लोकांनी आपली ही ओळख नोंदवली. गेरेरोच्या हुकमानंतर त्यासाठी एकशे नव्वद वर्षे लागावीत, याचे समर्थन मला करता येत नाही.

या किनाऱ्यावर गाडी जिथे जिथे गतिरोधकासाठी मंदावते तिथे तिथे खाऊ विकणारे पुढे येतात, आणि मराठी मुलाला त्या टोपल्यांत परके फार थोडे दिसेल. सोललेला मनिला आंबा काडीला टोचून, तिखटमीठ लावून देतात. साखर, मीठ आणि मिरची घालून मळलेले चिंचेचे गोळे कागदात गुंडाळलेले असतात. आंब्याची ही जात गलबताने आणली. उलट दिशेने गेलेल्याही पुष्कळ वस्तू आहेत: चिकू मूळचा मेक्सिकोचा, आणि आमच्याकडची पोरे जिचे गुलाबी-पांढरे वेटोळे दगड मारून पाडतात ती विलायती चिंचही तिथलीच, मनिलामार्गे ती आशियात पसरली आणि हिंदुस्थानात आली. गेरेरोच्या माळांवर मार्च-एप्रिलात तिच्या शेंगांचे जुडगे रस्त्याकडेला विकायला असतात.

सुटी लांब असेल तर कुटुंबे किनाऱ्याकिनाऱ्याने सिवातानेहोवरून आणखी पुढे, कोलीमाच्या पलीकडे बार्रा दे नाविदादपर्यंत जातात. खाडीच्या तोंडाशी असलेल्या या लहानशा गावातून २१ नोव्हेंबर १५६४ रोजी स्पॅनिश मोहिमेचा नायक लेगास्पी याची चार गलबते फिलिपाईन्सकडे निघाली होती. त्यांतले सर्वांत लहान, ‘सान लुकास’, आरंभीच चुकामूक होऊन एकटे पडले; लोपे मार्तिन या आफ्रिकी वंशाच्या सुकाणूदाराने ते फिलिपाईन्सला नेले आणि ऑगस्ट १५६५ मध्ये, उर्दानेताच्या दोन महिने आधी, याच गावी परत आणले. परतीची वाट प्रथम त्याला सापडली. त्याला शाबासकी मिळण्याऐवजी साथ सोडल्याचा आरोप मिळाला आणि पुढच्या सफरीवर त्याच्या फाशीचा गुप्त हुकूम त्याच्याच जहाजावरून पाठवण्यात आला, तेव्हा श्रेय उर्दानेताकडे गेले ते तसेच राहिले. गावातून तासाभराच्या वाटेवर मानसानियो आहे, मेक्सिकोचे सर्वांत मोठे कंटेनर-बंदर. चीनहून आलेला माल तिथे उतरतो आणि लांबलचक ट्रकांवर चढून पठाराकडे निघतो. सुटीच्या दिवसांत किनाऱ्याकडे उतरणाऱ्या मोटारींना त्या चढत्या ट्रकांच्या रांगा समोरून भेटतात.